लंडनमधली मार्क्स वॉकिंग टूर : एक पैसे देऊन केलेली आणि एक आमची आम्ही

आधी थोडक्यात सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. सोहोमध्ये सुरू होऊन ब्रिटिश म्युझियमच्या दारात संपणारी दोन तासांची मार्क्स वॉकिंग टूर आम्ही केली, तिला मी पाचपैकी अडीच देईन. दुसऱ्या दिवशी तोच धागा धरून आमचं आम्ही क्लार्कनवेल, प्रिमरोज हिल आणि हायगेट केलं, त्याला पाचपैकी पाच. टूरवाल्यांचं नाव देत नाही, तक्रार आहे म्हणूनच देत नाही, आणि गाईड मुलगा मनापासून बोलत होता हेही खरंच आहे.

मी कोल्हापूरला ज्युनियर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, सोळा वर्षं झाली. विचारप्रणाली शिकवताना मार्क्स आला की फळ्यावर ठरलेले शब्द येतात, वर्गसंघर्ष, ऐतिहासिक भौतिकवाद, विरोधविकास, वरकड मूल्य, परात्मता, पाया आणि इमला, कामगारवर्गाची हुकूमशाही. मुलं व्याख्या पाठ करतात, लिहितात, मार्क मिळतात, आणि पेपर संपला की शब्द गेले. हे मला कायम खुपत आलंय, कारण आमच्या कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे हेच सगळं शेतकऱ्याला, मोलकरणीला कळेल अशा भाषेत सांगायचे, म्हणजे सांगता येतं, आपण सांगत नाही. यंदा मे महिन्यात भावाकडे हाऊन्स्लोला गेले तेव्हा ठरवूनच गेले होते की हे शब्द जिथे लिहिले गेले त्या जागा बघायच्या. सोबत माझी भाची, सतरा वर्षांची, ए लेव्हल्स करते आणि शनिवार-रविवार एका कपड्यांच्या दुकानात काम करते. तिला मार्क्सबद्दल फक्त दाढी माहीत होती.

टूर ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर सुरू होते. जर्मनीतून पळून आलेल्या कामगारांची शिक्षण संस्था इथे होती, शिंपी, सुतार, घड्याळवाले असे लोक संध्याकाळी काम संपवून शिकायला यायचे. हा भाग गाईडने सुरेख सांगितला. या लोकांच्या आधीच्या संघटनेचं घोषवाक्य होतं ‘सगळी माणसं भाऊ भाऊ’, १८४७ मध्ये संघटनेचं नाव कम्युनिस्ट लीग झालं आणि घोषवाक्य बदलून ‘जगातल्या कामगारांनो एक व्हा’ झालं. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लंडनला त्यांचं दुसरं अधिवेशन भरलं आणि मार्क्स आणि त्याचा मित्र एंगल्स या दोघांना सांगण्यात आलं की आपलं म्हणणं एका जाहीरनाम्यात लिहून द्या. फेब्रुवारी १८४८ ला तो बिशप्सगेटच्या छापखान्यात छापला, जर्मन भाषेत, फक्त तेवीस पानं. भाची मला म्हणाली, आत्या भाऊ भाऊ काय वाईट होतं? मी म्हटलं वाईट काहीच नाही, पण गिरणीमालक आणि त्याच्या गिरणीत चौदा तास राबणारं पोर हे भाऊ भाऊ आहेत असं म्हटलं की पोराने भावाकडे पगारवाढ कशी मागायची? वर्ग म्हणजे श्रीमंत आणि गरीब एवढंच नाही, उत्पादनाची साधनं कोणाकडे आहेत आणि जगण्यासाठी स्वतःची मेहनत कोणाला विकावी लागते, त्यावरून तो ठरतो. फळ्यावर हे मी शंभरदा लिहिलंय पण त्या घोषवाक्याच्या बदलात ते एका दमात कळतं, आता वर्गात इथूनच सुरुवात करणार. (हा जाहीरनामा मराठीत १९३१ साली आला, डॉ. गंगाधर अधिकारींनी केला, बर्लिनहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस आणि कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यातला आरोपी. गाईडला हे माहीत असावं अशी अपेक्षा नाही पण आपल्याला माहीत असावं.)

मग डीन स्ट्रीट, २८ नंबर. खाली रेस्टॉरंट आहे, वर भिंतीवर निळी पाटी, मार्क्स इथे १८५१ ते ५६ राहिला. वरच्या दोन खोल्या, नवरा, बायको, मुलं आणि घरकाम बघणारी हेलेन देमुथ. इथे माझी तक्रार सुरू होते. गाईडने इथे काय सांगितलं, तर प्रशियाच्या एका पोलिसी हेराने या खोल्यांचं केलेलं वर्णन, मोडक्या खुर्च्या, धूळ, तंबाखूचा धूर, आणि त्यानंतर मार्क्स आणि त्याचे मित्र एका रात्री टॉटनहॅम कोर्ट रोडवर पिऊन दगड मारून रस्त्यावरचे दिवे फोडत कसे पळाले ती गोष्ट. गोष्ट खरी आहे, त्या मित्रांपैकीच एक असलेल्या लीबक्नेख्टच्या आठवणींमध्ये आहे, मला ती सांगण्याबद्दल राग नाही. पण तिच्यावर वीस मिनिटं गेली, हावभाव करून, लोक हसले, फोटो काढले, आणि पुढे चला. याच रस्त्यावर राहत असताना त्या घरातली तीन मुलं गेली. गीडो १८५० मध्ये, फ्रान्झिस्का १८५२ मध्ये, तिच्या शवपेटीला पैसे नव्हते म्हणून शेजारच्या एका फ्रेंच निर्वासिताकडून मार्क्सच्या बायकोने, जेनीने, दोन पौंड आणले, आणि आठ वर्षांचा एडगर १८५५ मध्ये. त्याबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं तर गाईड म्हणाला लोकांना दुःखाचं आवडत नाही. मला हे पटत नाही, पैसे देऊन मार्क्सच्या टूरला आलेल्या माणसाला हे ऐकायचंच असतं.

आणि कोट! १८५२ च्या फेब्रुवारीत मार्क्स एंगल्सला पत्रात लिहितो की कोट गहाण पडलाय त्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. पंधरा वर्षांनी, १८६७ ला हॅम्बुर्गहून त्याच्या कॅपिटल या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध होतो, हजार प्रती, त्याच्या अगदी पहिल्या प्रकरणात उदाहरण काय, तर वीस यार्ड लिननचं कापड बरोबर एक कोट. मी ही समीकरणं शिकवताना कायम कोरडी शिकवली होती. त्या दाराशी उभं राहिल्यावर मला कळलं की कोट अंगावर असतो तेव्हा तो थंडीपासून वाचवतो, हे त्याचं उपयोगमूल्य, आणि सावकाराच्या दुकानात गेला की तो एवढे शिलिंग एवढाच उरतो, हे विनिमयमूल्य, आणि थंडी तर तीच असते. बाजारात वस्तू एकमेकींशी बोलतात आणि त्या करणारी माणसं दिसेनाशी होतात, वस्तूलाच जणू स्वतःची किंमत आहे असं वाटायला लागतं, याला तो वस्तुपूजा म्हणतो. भाचीला हे एका मिनिटात समजलं, म्हणाली आमच्या दुकानात टॅगवर फक्त देशाचं नाव असतं, शिवलं कोणी ते नसतं.

तिला वरकड मूल्य पण तिथेच फुटपाथवर सांगितलं. कामगार मालकाला काम विकत नाही, काम करायची ताकद विकतो, श्रमशक्ती, दिवसाच्या हिशोबाने. मार्क्सचं उदाहरण बारा तासांच्या दिवसाचं आहे, पहिल्या सहा तासांत कामगार स्वतःच्या पगाराएवढं मूल्य तयार करतो आणि उरलेले सहा तास तो मालकासाठी फुकट राबतो, पण पगार बारा तासांचा दिला असं दिसतं म्हणून चोरी दिसत नाही, आणि कायद्याने ती चोरी नाहीच. हा जो वरचा भाग तो वाढवायचे रस्ते दोन, एकतर दिवस लांबवा, नाहीतर तेवढ्याच तासांत जास्त काढून घ्या. दुसऱ्या रस्त्याचं उदाहरण आपल्याकडचंच आहे, १९२८ ला मुंबईत दोनच्या जागी तीन साचे, म्हणजे माग, चालवा म्हणून गिरणीमालकांनी सांगितलं आणि दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर गेले, गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्याच संपातून उभा राहिला.

आता टूरची सगळ्यात मोठी चूक, निदान आपल्यासाठी. याच डीन स्ट्रीटवर बसून मार्क्सने १८५३ मध्ये भारतावर लेख लिहिले, न्यूयॉर्क ट्रिब्यून नावाच्या अमेरिकन पेपरसाठी, घर चालायला त्या लेखांचे पैसे लागायचेच. जून आणि ऑगस्टमध्ये ते छापून आले. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती! म्हणजे आपल्याकडे रूळ नवेकोरे असताना हा माणूस इथे दोन खोल्यांत बसून लिहितोय की इंग्रजांनी हिंदुस्थानावर जे दुःख लादलं ते आधीच्या कुठल्याही आक्रमणापेक्षा वेगळं आणि फार खोल आहे, आणि त्याच वेळी हेही लिहितोय की इंग्लंड नकळत इतिहासाचं हत्यार बनलंय, जुना समाज मोडतोय. आणि पुढे एक वाक्य आहे जे प्रत्येक मराठी माणसाने वाचावं, त्याचा आशय असा की रेल्वेमधून येणारे आधुनिक उद्योग वंशपरंपरेची श्रमविभागणी विरघळवून टाकतील, जिच्यावर हिंदुस्थानातल्या जाती उभ्या आहेत. गाईडने भारताचं नावही घेतलं नाही, आमच्या पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये सहा जण भारतीय होते तरी. हे वाक्य लक्षात ठेवा, दुसऱ्या दिवशी परत लागणार आहे.

म्युझियमपाशी टूर संपते. गाईड आधीच सांगतो की मार्क्सची ठराविक खुर्ची होती याला पुरावा नाही, हे बरं केलं, नाहीतर लोक खुर्चीच शोधत बसतात. गोल घुमटाचं वाचनालय १८५७ ला उघडलं, त्याआधी तो जुन्या वाचनकक्षात यायचा. इथे तो काय वाचायचा हे सांगायला हवं होतं, त्याने फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे सरकारी अहवाल वाचले, निळ्या पुठ्ठ्यांचे, जे खासदारसुद्धा उघडत नव्हते. कॅपिटलमधलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण या अहवालांवर आणि वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर उभं आहे, त्यात वीस वर्षांच्या मेरी अ‍ॅन वॉकली नावाच्या मुलीची हकीकत आहे, १८६३ च्या जूनमधली. लंडनच्या एका प्रतिष्ठित ड्रेसवालीकडे ती कामाला होती, राजघराण्यातल्या नाचाच्या समारंभाचे कपडे वेळेत व्हावेत म्हणून साडेसव्वीस तास सलग शिवत बसली, एकेका खोलीत तीस मुली, आणि मग मेली. भाची हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. ज्यांना वाटतं मार्क्स म्हणजे नुसती थिअरी त्यांनी आधी हे एक प्रकरण वाचा, पहिली तीन प्रकरणं नंतर वाचली तरी चालतील, मी तर आता विद्यार्थ्यांना तसंच सांगते.

दुसरा दिवस. फॅरिंग्डन स्टेशनला उतरून क्लार्कनवेल ग्रीन, पाच-सात मिनिटं चालत. मार्क्स मेमोरियल लायब्ररी, ३७ अ. इमारत १७३८ ची, मुळात गरीब वेल्श मुलांची शाळा होती. वाचनालय झालं १९३३ साली, मार्क्सच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली ते वर्ष आणि जर्मनीत नाझींनी पुस्तकं जाळली तेही वर्ष, तिकडे जाळतायत म्हणून इथे जपायची असं ठरवून उभी केलेली ही जागा आहे. आत गाईडेड टूर असतात, त्याची वेळ आधी वेबसाईटवर बघून जा. आम्हाला ज्या बाईंनी फिरवलं त्या सत्तरीच्या पुढच्या असतील, प्रत्येक पेटी माहीत, कुठेही घाई नाही, प्रश्न विचारले की डोळे चमकायचे. १९०२-०३ मध्ये लेनिन इथल्या एका छोट्या खोलीतून ‘इस्क्रा’ म्हणजे ठिणगी हे वृत्तपत्र काढायचा ती खोली बघायला मिळते, एवढीशी आहे. म्युझियमच्या वाचनालयाचं कार्ड त्याने जेकब रिक्टर या खोट्या नावाने काढलं होतं, झारच्या पोलिसांमुळे. १९०३ ला लेनिनच्या रशियन समाजवादी पक्षाचं अधिवेशन ब्रुसेल्सहून हलवून लंडनला आणावं लागलं आणि तिथेच बोल्शेविक आणि मेन्शेविक अशी फूट पडली. बोल्शेविक म्हणजे बहुमतवाले, मेन्शेविक म्हणजे अल्पमतवाले, एवढाच शब्दाचा अर्थ, मुलांना हे सांगितलं की त्यांची भीती जाते.

इथे भाचीने सरळ विचारलं, मग रशियात एवढी माणसं का मारली? मला आवडलं की त्या बाईंनी प्रश्न टाळला नाही आणि मीही टाळणार नाही. कामगारवर्गाची हुकूमशाही हा शब्द मार्क्सचा आहे, पण त्याचा नमुना म्हणून एंगल्सने पुढे १८९१ मध्ये १८७१ च्या पॅरिस कम्यूनकडे, म्हणजे पॅरिसच्या कामगारांनी शहराची सत्ता हातात घेतली त्या प्रयोगाकडे, बोट दाखवलं, जिथे निवडून दिलेला माणूस कधीही परत बोलावता येत होता आणि त्याला पगार कामगाराएवढाच होता. तो प्रयोग सव्वादोन महिने टिकला, मग सैन्याने रक्तात बुडवला. रशियात नेमकी ती परत बोलवायची सोय राहिली नाही, वर्गाची सत्ता म्हणता म्हणता पक्षाची झाली, पक्षाची म्हणता म्हणता एका माणसाची. जर्मनीतली मार्क्सवादी पुढारी रोझा लक्झेंबर्ग हिने १९१८ मध्येच तुरुंगातून लिहून ठेवलं होतं की वेगळा विचार करणाऱ्याचं स्वातंत्र्य तेच खरं स्वातंत्र्य, आणि ती क्रांतीच्या बाजूची होती, विरोधक नव्हती. पुढच्या जानेवारीत तिला बर्लिनला मारून टाकलं. १९३७-३८ या दोन वर्षांत स्टालिनच्या राजवटीत पावणेसात लाखांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या, त्यात जुने क्रांतिकारक होते, बुखारिन होता, आणि आपले वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ, तेही होते. माझं मत असं आहे की मार्क्स शिकवायचा तर हे सगळं त्याच तासाला शिकवायचं, पुढच्या धड्यावर ढकलायचं नाही.

क्लार्कनवेलहून चॉक फार्म स्टेशन. इथून पुढचा भाग कुठल्याच टूरमध्ये मला सापडला नाही आणि माझ्या मते मराठी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. रीजंट्स पार्क रोड १२२, एंगल्सचं घर, १८७० ते १८९४. खाजगी घर आहे, बाहेरून निळी पाटी बघायची, बेल वाजवू नका. एंगल्स कापड गिरणीवाल्याचा मुलगा, मँचेस्टरला वडिलांच्या भागीदारीतल्या कंपनीत नको असलेली नोकरी वर्षानुवर्षं केली आणि त्यातून मार्क्सचं घर चालवलं. मार्क्सचं शेवटचं घर इथून चालत जाण्यासारखं होतं, आता ते उरलेलं नाही. मार्क्स गेल्यावर कॅपिटलचा दुसरा खंड १८८५ ला आणि तिसरा १८९४ ला एंगल्सने त्याच्या किचकट अक्षरातल्या कागदांवरून तयार केला, आणि ते कागद लावायला मदत करणारी हेलेन देमुथ, जी मार्क्सनंतर या घरी आली होती. सोहोच्या दोन खोल्यांमध्ये स्वयंपाक, धुणं, मुलांची आजारपणं, गहाणवटीच्या दुकानात खेपा, हे सगळं तिने केलं. १८५१ मध्ये तिला मुलगा झाला, तो मार्क्सचा होता असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि काही मानत नाहीत, वाढला तो दुसऱ्यांच्या घरी. श्रमाच्या मूल्याचा एवढा मोठा सिद्धांत ज्या घरात तयार झाला त्या घरातल्या बिनपगारी श्रमाचं काय, हा प्रश्न नंतरच्या स्त्रीवादी मार्क्सवाद्यांनी विचारला आणि त्याला सामाजिक पुनरुत्पादन हा शब्द दिला. हा शब्द आपल्या पुस्तकांत यायला हवा.

तिथून जेमतेम दहा मिनिटं चाललं की किंग हेन्रीज रोड, नंबर १०. हो, तेच घर! डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला शिकत असताना इथे राहत होते, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं आणि आता तिथे संग्रहालय आहे. एंगल्सच्या दारापासून बाबासाहेबांच्या दारापर्यंत आम्ही चालत गेलो आणि मला रस्त्यात भरून आलं. बाबासाहेब त्याच म्युझियमच्या वाचनालयात सकाळी जायचे ते बंद होईपर्यंत वाचत बसायचे हे त्यांच्या चरित्रांमध्ये आपण वाचलेलं असतं, पण नकाशावर हे सगळं इतकं जवळ आहे हे माहीत नव्हतं.

आता ते डीन स्ट्रीटचं वाक्य आठवा. रेल्वे आली, गिरण्या आल्या, जात विरघळली का? पंचाहत्तर वर्षांनी, १९२८ ला, मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगारांना विणखात्यात घेत नव्हते, कारण तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागायची आणि विटाळ होतो. विणखात्यात पगार जास्त. आणि हे मालकाने नाही, शेजारच्या साच्यावरच्या कामगाराने अडवलं होतं. त्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा लावून धरला, आणि १९३६ मध्ये त्यांनी लिहिलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. एका अक्षराचा वाटावा एवढाच फरक आहे, श्रमाची आणि श्रमिकांची, पण मार्क्सच्या १८५३ च्या लेखात जे सुटलं ते यात पूर्ण येतं. पाया म्हणजे अर्थव्यवस्था, इमला म्हणजे तिच्यावर उभे कायदे, धर्म, विचार, आणि पाया बदलला की इमला आपोआप बदलेल असं ज्यांना वाटत होतं त्यांना हे उत्तर आहे, कारण आपल्याकडे जात इमल्यात पण आहे आणि पायात पण. तरी त्यांनी दार लावून घेतलं नव्हतं, १९३८ च्या ७ नोव्हेंबरला कामगारांचा संपाचा हक्क काढून घेणाऱ्या बिलाविरुद्ध ते आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले, आणि शेवटच्या वर्षात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना त्यांनी लिहिलं की मार्क्सच्या मांडणीतलं बरंच गळून पडलंय पण जे उरलंय तो विस्तव आहे, थोडा पण महत्त्वाचा. मी हे तिथल्या पायरीवर भाचीला सांगत होते आणि संग्रहालय बघायला आलेलं नागपूरचं एक कुटुंब थांबून ऐकत होतं, त्यातले काका म्हणाले मॅडम हे परत सांगा, पोराला ऐकवायचंय. परत सांगितलं.

प्रिमरोज हिलच्या टेकडीवर डबे खाल्ले, आणि तिथे भाचीच्या फोनवर मेसेज आला, शनिवारची शिफ्ट कॅन्सल. तिचा करार झिरो अवर्सचा आहे, काम असेल तर बोलावतील, नसेल तर नाही. ती म्हणाली नेहमीचंच आहे, नको म्हणून तोंड वर केलं तर यादीत बाकीच्या मुली आहेतच. मी म्हटलं बाळा तुझे पणजोबा चंदगडहून मुंबईला गेले तेव्हा वर्षानुवर्षं बदली कामगार होते, रोज सकाळी परळला गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा असेल तर आत घ्यायचे, नाहीतर खोलीवर परत. बेकारांची राखीव फौज म्हणतो मार्क्स ती ही, बाहेर कोणीतरी उभं आहे एवढ्यानेच आतल्याचा पगार खाली राहतो. तिने हा शब्द वहीत लिहून घेतला, दोन दिवसांत पहिल्यांदा.

चॉक फार्मवरून कॅम्डन टाऊनला गाडी बदलून आर्चवे, मग वॉटरलो पार्कमधून खाली हायगेट सिमेटरीचं ईस्ट गेट. तिकीट आम्ही गेलो तेव्हा दहा पौंड होतं, शेवटच्या प्रवेशाची वेळ बघून जा. नकाशा देतात, मार्क्स शोधावा लागत नाही, ग्रॅनाईटच्या उंच चौथऱ्यावर ते मोठं ब्राँझचं डोकं लांबूनच दिसतं. हे स्मारक १९५६ चं, लॉरेन्स ब्रॅडशॉ या शिल्पकाराचं, आधी मार्क्स आतल्या बाजूला एका साध्या जागेत होता. वर ‘जगातल्या कामगारांनो एक व्हा’ आणि खाली ते वाक्य, तत्त्वज्ञांनी जगाचा निरनिराळ्या प्रकारे अर्थ लावला, मुद्दा आहे तो जग बदलण्याचा. २०१९ मध्ये कोणीतरी संगमरवरी पाटीवर हातोडा मारला होता. समोरच इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर आहे, शेजारी क्लॉडिया जोन्स, त्रिनिदादहून आलेली, नॉटिंग हिलच्या कार्निव्हलची आई म्हणतात तिला, आणि जवळच युसूफ दादू, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले, ज्यांचे आईवडील गुजरातमधून तिकडे गेलेले.

१७ मार्च १८८३ ला त्याला पुरलं तेव्हा दहा-अकराच माणसं होती. एंगल्स तिथे जे बोलला त्यातला एक भाग मी मोबाईलवर मराठी करून ठेवला होता तो भाचीला वाचून दाखवला, की राजकारण, विज्ञान, कला, धर्म या सगळ्याच्या आधी माणसाला खायला, प्यायला, राहायला आणि अंगावर घालायला लागतं ही साधी गोष्ट विचारांच्या झाडोऱ्यात झाकली गेली होती आणि या माणसाने ती उघड केली. ऐतिहासिक भौतिकवादाची याहून सोपी व्याख्या मला अजून मिळालेली नाही. पाटीवरची नावं नीट वाचा. जेनी, कार्ल, चार वर्षांचा नातू हॅरी, मग हेलेन देमुथ, कुटुंबातच, आणि शेवटी एलिनोर. एलिनोर सगळ्यात धाकटी, डीन स्ट्रीटला जन्मलेली, १८८९ मध्ये लंडनच्या गॅस कामगारांची युनियन उभी करायला होती, आठ तासांच्या दिवसासाठी १८९० च्या मे मध्ये हाईड पार्कच्या सभेत बोलली. १८९८ ला तिने जीव दिला. तिच्या अस्थी कित्येक वर्षं इकडे तिकडे कपाटांमध्ये होत्या, क्लार्कनवेलच्या लायब्ररीत पण होत्या, १९५६ ला इथे आल्या. एंगल्सची इथे कबर नाही, त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख ईस्टबोर्नजवळ समुद्रात सोडली, फुलं घेऊन जाणाऱ्यांनी दोघांची आणू नयेत.

दोन्ही दिवस एकत्र करू नका, पाय राहत नाहीत. सोहोचा भाग टूरशिवाय सुद्धा होतो, टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरा, डीन स्ट्रीट आणि ग्रेट विंडमिल स्ट्रीट करून म्युझियमला चालत जा, तासाभरात होतं आणि जे पैसे वाचतील ते क्लार्कनवेलच्या लायब्ररीच्या देणगीपेटीत टाका, तिथे त्यांची गरज आहे. मँचेस्टरला चेथम्स लायब्ररीत १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगल्स जिथे एकत्र वाचत बसायचे ते खिडकीतलं टेबल अजून आहे, ते आमचं राहिलं, भाची म्हणतेय डिसेंबरमध्ये जाऊ, मला तेव्हा सुट्टी नसते. कोणी जाऊन आलं असेल तर लंडनहून एका दिवसात होतं का आणि आधी वेळ घ्यावी लागते का तेवढं कळवा.